फोटॉनला कोणी शिवायचं नाही

"आडनाव काय म्हणालात?"

सांगितलं.

"अच्छा. मग तुम्ही फोटॉन."

आडनावाचा आणि फोटॉनचा संबंध मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. आणि पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. गडचिरोलीकडच्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी पात्रं करतो. लुगडं नेसून मंचावर आलो की अर्धं गाव बसल्या जागी लोळतं. हे सांगताना मला आजही गुदगुल्या होतात. पण त्या दिवशी मी नट म्हणून गेलो नव्हतो.

चंद्रपूरजवळ एका कारखान्याच्या वसाहतीत विज्ञान शिक्षकांचा मेळावा होता. जिनिव्हाला जमिनीखालच्या यंत्रात तो गाजलेला कण सापडून थोडेच महिने झाले होते. मेळाव्याच्या पत्रिकेत माझं नाव होतं. विषय: कणांना वस्तुमान कुठून मिळतं. वेळ: अर्धा तास.

आई सोबत होती. तिने मला लुगड्यात नाचताना कितीदा तरी पाहिलं होतं, शिकवताना एकदाही नाही. "आज मले तुह्यं मास्तरपण पाह्यचं हाये," म्हणाली. निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसून, घुग्घुसच्या रस्त्यावरची सगळी धूळ अंगावर घेत ती बसमध्ये माझ्या शेजारी ताठ बसून आली. सभागृहातही तशीच बसली.

मोठ्या शहरातून एक प्राध्यापक पाहुणे आले होते. त्यांनी माझ्या आधी माइक घेतला. म्हणाले, रूक्ष व्याख्यानं नकोत, आपण नाटुकलं करू. मी खूश. नाटक म्हटलं की माझे कान उभे राहतात.

नाटुकलं असं. सगळे शिक्षक सभागृहाच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहणार. ते म्हणजे अवकाशभर पसरलेलं क्षेत्र. त्यातून कण जाणार. ज्या कणाला क्षेत्र चिकटतं तो अडखळतो, जड होतो. ज्याला चिकटत नाही तो बिनवस्तुमानाचा, सरळ निघून जातो. उदाहरण चांगलं आहे. मीही वर्गात वापरायचो.

जड कण म्हणून वसाहतीतले मोठे साहेब निवडले गेले. ते निघाले तसे सगळे त्यांच्याभोवती जमले. कोणी हात मिळवला, कोणी मुलाच्या नोकरीचं विचारलं. साहेबांना पाऊल टाकता येईना. टाळ्या.

मग मी. पाहुण्यांनी आडनाव विचारून मला फोटॉन केलं ते इथेच.

"आता बाजूला व्हा सगळे," पाहुणे म्हणाले. "हात मागे घ्या. फोटॉनला कोणी शिवायचं नाही. अजून सरका. अजून."

सगळे सरकले. मध्ये वाट पडली. मागून कोणीतरी म्हणालं, "याले तं तालमीची गरजच नाई."

हशा पिकला. पाय नटाचे, हशा ऐकला की आपोआप चालतात. मी चाललो. वाटेच्या टोकाला आईची खुर्ची होती. रिकामी.

ती बाहेर कडुनिंबाखाली उभी होती.

"नाटक होतं ना रे ते?"

"हो, बाई." आम्ही सगळी भावंडं तिला बाईच म्हणतो.

"मंग तुले काऊन कोणी हात लावून नाई राह्यलं?"

मी प्रकाशाचं सांगायला लागलो. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण, त्याला वस्तुमान नसतं, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "धानाच्या रोवण्याले जावो तेव्हा समोरून पाटलाघरचं कोणी आलं का मी धुऱ्यावरून खाली चिखलात उतरत होती. आज ते बाजूले होऊन राह्यले. मधातली जागा तेवढीच हाये, बापू."

मी तिच्यासाठी बाहेरच चहा आणला.

चहानंतर फोटोवाला आला. नाटुकलं पुन्हा करायचं ठरलं. "फोटॉन कुठे गेले? बोलवा त्यांना," पाहुण्यांचा आवाज आला. मी आत गेलो.

"माझं व्याख्यान कधी आहे?"

"आता वेळ कुठे आहे सर," आयोजक म्हणाले. "या खेळात सगळं आलंच की. चला, उभे राहा."

"नाही."

एवढाच शब्द. मंचावर मी पानंच्या पानं बोललो आहे, पण इतकं कठीण वाक्य मला कुठल्या लेखकाने दिलं नव्हतं.

मी माइक उचलला. म्हणालो, "या नाटकाचा पहिला अंक तुम्ही गाळला. विश्व अगदी नवं होतं तेव्हा इतकं तप्त होतं की हे क्षेत्र कोणालाच चिकटत नव्हतं. इलेक्ट्रॉन नाही की फोटॉन नाही, जड कोणीच नव्हतं. त्याहून मागे गेलं तर ही सगळी वेगवेगळी बलंसुद्धा एकच होती, असं सांगणारे सिद्धांत आहेत. ते अजून सिद्ध झालेले नाहीत. पण विश्व निवलं आणि मगच कोणी जड झालं, कोणी हलकं राहिलं, एवढं आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. साहेब, आधी तुम्ही आणि मी सोबत चालू. मधून. कोणी हटायचं नाही, कोणी चिकटायचं नाही. तुमचं ते वजन तुमचं नव्हतं, गर्दीचं..."

माइक बंद झाला.

साहेब हसले. मग कोणीच हसत नाही हे पाहून त्यांनी रुमाल काढला. पाहुणे म्हणाले, "विज्ञानात जात आणू नका." मी विचारलं, "आडनाव कोणी विचारलं होतं?" ते फोटोवाल्याकडे वळले.

प्रोटॉनचं बहुतेक वस्तुमान या क्षेत्रातून येतच नाही. तेही मला सांगायचं होतं. अर्ध्या तासात बसत होतं.

परतीच्या बसमध्ये आईने विचारलं, "तुह्यं भाषण झालं का?" मी म्हटलं, थोडं झालं. "पुढच्या खेपेले पुरं कर. मी येईन." पुढच्या पावसाळ्यात ती गेली. लुगड्यातला माझा नाच तिने पोटभर पाहिला. माझं भौतिकशास्त्र तिने ऐकलं नाही.

यंदा त्याच आयोजकांचा फोन आला. "सर, ते नाटुकलं पुन्हा बसवतोय. तुमच्याशिवाय मजा नाही. जुनं विसरा आता."

मी म्हणालो, "व्याख्यान असेल तर येतो. चालायला येत नाही."

फोन ठेवला गेला. ठेवू देत. माझ्यासाठी मोकळ्या केलेल्या वाटेवरून मी आता कुठेच चालणार नाही. सभागृहात नाही, लग्नाच्या मांडवात नाही, गावच्या चौकात नाही. जिथे माणसं दाटीने उभी असतील तिथून जाईन. माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागेल. ज्याला सरकायचं त्याने सरकावं. मी पुन्हा त्याच्याच बाजूने जाईन.