एक नाव राहिलं

मंडळी, आज आमच्या गावातल्या शाळेत आयुष्यातलं पहिलं भाषण केलं.

आठवडाभर आरशासमोर तयारी केली होती. भाषण कसं करावं याच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं, "व्यासपीठावरील मान्यवर" म्हणत नावांची लांबण लावू नका, थेट विषयाला हात घाला. तसंच केलं. पोरी शाळा का सोडतात यावर बोलले. बाया डोळे पुसत होत्या, टाळ्याही लई पडल्या.

फक्त व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसलेल्या अण्णांनी मांडीवरचे हात उचलले न्हायत. गावातले सगळ्यात मोठे बागायतदार ते.

खाली उतरल्यावर हसून म्हणाले, "छान बोललात, सूनबाई. आमचं नाव तेवढं राहिलं."

"कुणाचंच घेतलं न्हाय, अण्णा."

"व्हय की. ध्यानात ठेवू आमी."

घरी हे सांगितलं, तर सासऱ्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. आमच्या शेताची वाट अण्णांच्या बांधावरून जाते आणि ऊस तोडणीला आलाय. तसेच उठून ते शेताकडं गेले.

आत्ताच परत आले. वाटेवर ताज्या तोडलेल्या बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्यात.

मोबाईलवर अभिनंदनाचे मेसेज अजून येतायत. तुमीच सांगा, भाषण चांगलं झालं का?