सहा शतांश मिलिमीटरचा दगा

आमच्या नेमबाजी क्लबमधल्या ओताऱ्यानं मला फसवलं. माझं मऊ शिसं त्यानं स्वतःच्या कामाला वापरलं, दुसऱ्याच पिस्तुलाच्या मापाच्या गोळ्या माझ्या डब्यात भरल्या, आणि त्या गोळ्या वाकड्या गेल्या तेव्हा चारचौघांत माझ्या हाताला दोष दिला. राग निवळल्यावर लिहा, असं घरून सांगणं आहे. निवळला तर मी लिहिणारच नाही, म्हणून आत्ताच लिहितो.

ओतारी हे मी त्याला दिलेलं नाव. क्लबमध्ये शिशाच्या गोळ्या ओतणारा तो एकटाच. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पंचाहत्तरीचा, हात अजून घट्ट. इथे जर्मनीत र्युसेल्सहाइम गावाच्या बाहेर त्याचं घर आहे आणि गॅरेजमध्ये गाडीऐवजी भट्टी, साचे आणि बायकोनं टाकून दिलेला एक ओव्हन. गोळ्या ओतायच्या, रंगाच्या भुकटीत घोळवायच्या आणि ओव्हनमध्ये भाजायच्या. भुकटी वितळून गोळीवर कडक हिरवं कोटिंग बसतं. मग नळीला शिसं चिकटत नाही आणि ग्रीसचा धूरही होत नाही.

मला या गोळ्या लागतात, कारण माझं पिस्तूल शंभर वर्षांचं आहे. दुकानातली तांब्याच्या कवचाची गोळी त्याच्या जुन्या नळीला सोसत नाही. शिवाय तेव्हाच्या नळ्या थोड्या सैल असत. पिस्तूल घरी आणलं त्याच आठवड्यात मी मऊ शिशाचा एक तुकडा लाकडी दांडीनं नळीतून हळूहळू पार केला आणि मोजला. नऊ पूर्णांक आठ शतांश मिलिमीटर. गोळी नळीपेक्षा किंचित जाड हवी, तरच ती नळीच्या आतल्या पिळदार चऱ्यांना घट्ट धरून फिरत जाते. म्हणून मी नऊ पूर्णांक दहा शतांशाची गोळी मागितली. कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यानं भट्टीच्या वर टाचणीनं लावला.

मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. सतराव्या वर्षी पुण्यात बोहरी आळीत एका दुकानात बेअरिंगं पुसायला लागलो. आज जुन्या यंत्रांचे सुटे भाग जर्मनीतून तीन देशांत पाठवतो. कुणाची शिफारस नव्हती. माल हातात घेतला की आधी मायक्रोमीटर, मग भाव, मग चहा. हा क्रम मी कधी मोडला नव्हता.

सौदाही मी चांगला केला होता. पाडायला काढलेल्या एका जुन्या घराच्या छपरावरचे शिशाचे पत्रे मी मिळवले. नखानं ओरखडा उमटेल इतकं मऊ, स्वच्छ शिसं. असं शिसं आता सहजी मिळत नाही. ओताऱ्यानं बघितलं आणि त्याचे डोळे बदलले, ते मी तेव्हाच टिपायला हवं होतं. तीन शनिवार आमची घासाघीस चालली. त्याला निम्मं शिसं हवं होतं, मी एक तृतीयांशावर अडून बसलो. शेवटी ठरलं की तिसरा हिस्सा त्याचा, बाकीच्यात थोडं कथील मिसळून माझ्या गोळ्या. नमुन्याच्या दहा गोळ्या त्यानं माझ्यासमोर ओतल्या. मी प्रत्येक मोजली. दहाच्या दहा बरोबर. त्या मी जवळ ठेवल्या.

मग गणपती आले. मी त्याला सपत्नीक घरी बोलावलं. म्हातारा गुडघे धरत जमिनीवर बसला, पाच मोदक खाल्ले आणि साजूक तूप पुन्हा मागून घेतलं. माझ्या मुलीशी जर्मनमध्ये गप्पा मारल्या. जाताना गाडीच्या डिकीतून डबा काढून माझ्या हातात दिला. पाचशे गोळ्या, हिरव्यागार.

मी त्या मोजल्या नाहीत.

घरी जेवून उठलेल्या माणसासमोर मायक्रोमीटर काढायचा? मला ते जमलं नाही. त्यानं पाठ फिरवल्यावरही काढला नाही, कारण तोपर्यंत तो माझ्या लेखी गिऱ्हाईक किंवा व्यापारी उरला नव्हता. बायकोनं नंतर एका वाक्यात माझा निकाल लावला, "अहो, मोदक त्यानं खाल्ले आणि माप तुम्ही विसरलात."

केलरमध्ये, म्हणजे तळघरात, माझा काडतुसं भरायचा प्रेस आहे, तिथे मी दोनशे काडतुसं भरली. या देशात बारूद हाताळायचा परवाना लागतो. त्यासाठी मी शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, पोलिसांनी माझी कुंडली तपासली. प्रत्येक पितळी कवचात बारूद पडली की मी दिव्याखाली पातळी बघतो. फोन वरच्या मजल्यावर ठेवतो. एकच गोष्ट खटकली होती. गोळी कवचात दाबताना प्रेसची दांडी नेहमीपेक्षा हलकी गेली. मला वाटलं, कोटिंग गुळगुळीत आहे म्हणून असेल. ही माझी दुसरी चूक, आणि ती मी कबूल करतो.

शनिवारी रेंजवर आठ गोळ्या झाडल्या. कागदावर गोल भोकं पडायला हवीत. पडली ती लांबट, किल्लीच्या भोकासारखी. गोळ्या फिरतच नव्हत्या, आडव्या जाऊन आदळत होत्या. आठवी कागद सोडून लक्ष्याच्या लोखंडी चौकटीवर बसली. देखरेख करणाऱ्यानं ताबडतोब गोळीबार थांबवला. सगळ्यांनी शस्त्रं खाली ठेवली. माझ्या पिस्तुलाची नळी उजेडात धरली तर आत शिशाचे पापुद्रे आणि हिरवे कण.

ओतारी दोन लेन पलीकडे उभा होता. जवळ आला, नळीतून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आल्झो, हे बघा, गोळीत काही दोष नाही. हा भरताना फोनवर भाव करत असणार."

लोक हसले. मीही हसलो, हे आठवलं की आजही अंगाची लाही होते.

संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला की पुढील निर्णयापर्यंत मी स्वतः भरलेली काडतुसं रेंजवर वापरू नयेत. खाली माझं पूर्ण नाव. पिस्तुलाची नळी घासून घासून साफ करायला मला दोन दिवस लागले. चऱ्यांच्या कडा वाचल्या, ते नशीब.

मग मी उरलेली काडतुसं फोडली. हातोडीसारखं एक साधन असतं, त्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटलं की गोळी सुटते. वीस गोळ्या सोडवल्या. सगळ्या नऊ पूर्णांक चार शतांश. मग डब्यातल्या अजून न वापरलेल्या घेतल्या. त्याही तेवढ्याच, म्हणजे कवचात दाबताना त्या बारीक झाल्या नव्हत्या. सहा शतांशाचा फरक, केसाच्या जाडीएवढा. हे ओताऱ्याच्या स्वतःच्या नव्या पिस्तुलाच्या गोळीचं माप आहे. मग एक गोळी मधोमध कापली आणि नख रोवलं. नमुन्याच्या गोळीवर पुसट का होईना ओरखडा उठला होता. इथे नख घसरलं. छपराच्या पत्र्याचं शिसं हे नव्हतंच. गाडीच्या चाकांवरचे वजनाचे तुकडे वितळवले की असं कडक शिसं मिळतं.

माझं मऊ शिसं कुठे गेलं ते क्लबमध्ये सगळ्यांना माहीत असणार. ओतारी तोंडाकडून भरायची जुनी बंदूकही चालवतो. तिला शुद्ध मऊ शिशाचेच गोल लागतात, आणि त्या महिन्यात त्याच्याकडे गोलांचा तोटा नव्हता.

मायक्रोमीटर, नमुन्याची गोळी आणि डब्यातली गोळी घेऊन मी त्याच्या गॅरेजमध्ये गेलो. माझ्या मापाचा कागद अजून टाचणीला होता. त्यानं गोळ्या स्वतः मोजल्या, चष्मा वर केला आणि म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. चार शतांश. घेताना मोजायच्या होत्यास. तू तर व्यापारी आहेस."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला माहीत असायचं कारण काय? काडतुसं तू भरलीस."

मी आवाज चढवला. त्याची बायको दारात आली आणि कॉफी घेणार का विचारू लागली. मी निघालो. रस्त्यापर्यंत येईतो मराठीत जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

गेल्या आठवड्यात क्लबच्या अध्यक्षबाईंनी मला बाजूला घेतलं. सभ्य बाई आहेत, वाद नको आहेत त्यांना. त्यांनी मसुदा तयार ठेवला होता. माझ्याकडून काडतुसं भरताना निष्काळजीपणा झाला, पुन्हा होणार नाही, खाली सही. सही केली की बंदी उठेल आणि विषय संपेल. ओतारी म्हातारा आहे, चाळीस वर्षांपासूनचा सभासद आहे, त्याला सभेत उभं करणं बरं दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी जन्मभर तडजोडीवर जगलोय. दोन पावलं मागे येऊन एक पाऊल मिळवणं मला येतं. पण त्या कागदावर सही केली तर पुढचं सगळं संपतं. बारूदचा परवाना पाच वर्षांनी नव्यानं मागावा लागतो आणि तेव्हा माणूस भरवशाचा आहे का, हेच तपासतात. बारूद हाताळताना मी निष्काळजी असतो, हे माझ्याच सहीनिशी लिहिलेलं कुणी दाखवलं तर मी काय सांगणार? घेताना न मोजणं ही माझी चूक आहे. ती सभेत उभा राहून सांगायला मी तयार आहे, जर्मनमध्ये, माझ्या तोडक्यामोडक्या उच्चारांसकट. भरताना निष्काळजीपणा ही माझी चूक नाही आणि ती मी कुणाच्या सोयीसाठी पत्करणार नाही.

मसुदा मी सही न करताच परत केलाय. सोबत दोन गोळ्या पाकिटात घालून दिल्यात, एक नमुन्याची, एक डब्यातली, आणि लिहिलंय की क्लबच्या मायक्रोमीटरनं मोजा. आता अध्यक्षबाईंनी त्या म्हाताऱ्याला सभेत उभं करावं आणि विचारावं की मागितलेलं माप ठाऊक असताना या गोळ्या कुणी दिल्या आणि शिसं कुणाचं वापरलं. त्यानं उत्तर द्यावं. त्याला विचारायचं धाडस नसेल, तर फलकावर माझं नाव कोणत्या पुराव्यावर लावलं, याचं उत्तर बाईंनी स्वतः द्यावं. मला ते लेखी हवं आहे, खाली सहीसकट.