दोन पडद्यांवर एक पत्रिका

कोल्हारच्या स्टँडमागे मुजफ्फर लग्नपत्रिका जुळवून देतो. मजकूर लावणं सोपं. अवघड असतं माणसं लावणं. कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून त्याच्या दुकानात दोन सोयरिकी मोडता मोडता वाचल्या. शेवटी त्यानं काउंटरवर दोन जुने मॉनिटर पाठीला पाठ लावून ठेवले. भांडणाऱ्या दोघांना एकेक, तिसरा त्याचा स्वतःचा.

आता हे तिन्ही पडदे सांभाळणारं सॉफ्टवेअर हवं होतं. त्यानं तीन वापरून पाहिली. पहिल्यात माउसचा बाण एका पडद्यावरून निघून दुसऱ्यावर पोचेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. दुसऱ्यानं तीन वेगवेगळे वॉलपेपर लावले आणि तिथंच हात टेकले. तिसरं पंधरा दिवस फुकट होतं आणि त्यात प्रत्येक पडद्यावर वेगळं पान दाखवता यायचं. मुजफ्फर त्याच्यावरच भाळला.

त्याच दुपारी नवरी सुकन्याचे दोन चुलते, रामहरी आणि राधाकृष्ण, आले. निमंत्रकांत पहिलं नाव कोणाचं, यावर वाद. चारपर्यंत पत्रिका छपाईला गेली नाही तर काम दुसरीकडे, यावर मात्र एकमत.

"थोरला मी हाय," रामहरी म्हणाला.

"आन् स्थळ कोनी आनलं? थोरल्यानं?"

मुजफ्फरनं गुपचूप दोन पानं केली. डावीकडे रामहरी वर, उजवीकडे राधाकृष्ण. दोघंही आपापला पडदा बघून फुलले. "छापा!" म्हणत चहाला गेले.

पत्रिकांना गोंडे बांधत बसलेली चांदबी नवऱ्याला म्हणाली, "अहो, पण छापणार कुठली?"

मुजफ्फरनं घड्याळ पाहिलं. चारला वीस मिनिटं होती. त्यानं सॉफ्टवेअरचं एकेक बटण दाबून पाहिलं. एका बटणानं पान ताणून दोन पडद्यांवर पसरलं, अर्धं एकावर, अर्धं दुसऱ्यावर. त्यानं दोन्ही नावं एकाच ओळीत शेजारी बसवली.

"थोडा बदल केलाय काका," चुलते परतल्यावर तो म्हणाला. "वरखाली कोणीच नाही."

दोघांनी आपापल्या पडद्यात डोकावलं. प्रत्येकाला आपलं एकट्याचं नाव दिसलं.

"लई झ्याक!" चारला पाच कमी असताना पत्रिका गेली.

तिसऱ्या दिवशी गठ्ठा आला. राधाकृष्णनं नावावरून बोट फिरवलं. "माझ्यावर कोनी न्हाई ना?"

"कोणीच नाही."

"मग झालं." गठ्ठा उचलून तो दारापर्यंत गेला आणि वळला. "पन मॉनिटरवर तर मी एकटाच हुतो रं!"