तव्यावरचा तुकडा

पुण्याच्या गिऱ्हाइकानं डुकराचं मटण वास येतो म्हणून परत पाठवलं, आणि सासऱ्यांनी माझ्या मोपेडची किल्ली खुंटीवरून काढून स्वतःच्या खिशात टाकली. सात रस्ता चौकातल्या खानावळींतून मोपेडवरून खरकटं आणून डुकरांना घालायचं, ही कल्पना माझी होती.

"तुज्या शिळ्या खरकट्याचाच वास हाय त्यो," ते म्हणाले. "उद्यापास्नं बंद."

मी भांडकुदळ आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. त्या दिवशी मात्र तोंड आवरून गॅस पेटवला. आदल्या दिवशी कापलेल्या डुकरिणीची चरबी तव्यावर टाकली. वास मटणाचाच. मग तवा घासून परत आलेल्या मटणातली, म्हणजे नराची, चरबी टाकली, आणि जुन्या मुतासारखा दर्प घरभर झाला.

"मामा, दोघं एकाच कुंडीत खात होती की. मग खरकटं एकट्या नरालाच कसं बाधलं?"

सासऱ्यांनी गॅस बंद केला, पण किल्ली काही दिली नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नर वयात आला की त्याच्या चरबीत हा वास मुरतो. पिल्लू आठवड्याचं असतानाच बधिर करून खच्ची करायचं. सासऱ्यांनी पूर्वी मोठाले नर पात्यानं खच्ची केले होते. त्यातले दोन मेले, तेव्हापासून त्यांनी नाद सोडला. शिवाय, "खच्ची केल्याचं मटान बेचव, नुसती चरबी," हे त्यांचं ठाम मत.

"एका वेताची पिल्लं माझ्या हातात द्या," मी म्हणाले. "खरकट्यावरच वाढवते. वास आला तर मोपेड विकून टाका."

डॉक्टरांनी बधिर करायचं इंजेक्शन देऊन नर पिल्लं खच्ची केली. माझाच जीव टांगणीला लागला होता. पिल्लं संध्याकाळी आईला लुचताना दिसली तेव्हा कुठे मी जेवले. पुढे कितीतरी महिने खरकट्याचे डबे रिक्षातून आणले, रिक्षावाल्यांची बोलणी खात.

त्यातलं पहिलं जनावर कापलं त्या दिवशी सासरे पाहुण्यांच्या गावाहून दुपारी परतले. त्यांना तव्यापाशी बसवलं, डोळे मिटायला लावले. त्यांनी तुकडा हुंगला, चावला, दुसरा मागितला.

"ही डुकरीण," ते म्हणाले. "वास न्हाय, लई मऊ हाय. आता तुजा खच्ची आन."

"मामा, आज डुकरीण कापलीच नाही."

त्यांनी डोळे उघडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि तो मी मुळीच लपवला नाही. किल्ली खिशातून निघून तव्याशेजारी आली. मग त्यांनी स्वतःच पुण्याला फोन लावला.

"आमच्या सुनेचा माल हाय," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. "आता यात वास शोधून दावा."