सुनीलभाऊंचे हात

नाशिकच्या द्वारका चौकात ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे सुनील आहेर एकोणऐंशी सालापासून एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतात. त्यांची गाणी वीस-वीस मिनिटांची, मध्येच ताल बदलणारी. टाळ्या नेमक्या कुठे वाजवायच्या, हे आम्हा नाशिककरांना अजून कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी या पन्नाशीच्या माणसांत माझी लेक शुभांगी कीबोर्ड वाजवायला गेली. मला धीर धरवेना, म्हणून मी तालमीच्या दाराशी जाऊन बसायचे. आठवडाभराने सुनीलभाऊ म्हणाले, "ताई, आतच बसा. दाराशी बसून आवाज काही कमी होत नाही." शुभांगी चुकली की ते हसून म्हणायचे, "माझंच घसरलं," आणि तो तुकडा पुन्हा घ्यायचे.

यंदा त्यांच्या डाव्या मनगटाचं ऑपरेशन ठरलं. पुढे ड्रम वाजवता येतील याची खात्री डॉक्टर देईनात. इतक्या वर्षांत त्यांच्या वादनाचं चित्रीकरण कधी झालंच नव्हतं. म्हणून बँडने नाट्यगृह घेतलं आणि लग्नांचं शूटिंग करणाऱ्या केरूला बोलावलं.

कार्यक्रम रंगला. व्हीसीडी आमच्याकडे सगळ्यांनी मिळून पाहिली. केरूने नवरीवर ठेवावा तसा कॅमेरा शुभांगीवर ठेवला होता. तिचे डोळे, तिचे कानातले, तिचा घाम. सुनीलभाऊ दोनदाच दिसले, तेही झांजेआड. शुभांगीला रडूच फुटलं.

"काका, तुम्ही कुठेच नाही!"

"ऐकू येतोय ना? ड्रमवाला दिसायला लागला की समजावं, काहीतरी बिघडलंय." मग केरूकडे वळून, "आणि तू रे, अक्षता तेवढ्या राहिल्या!"

केरू मान खाली घालून निघून गेला. आज दुपारी मात्र तो स्वतःहून कॅमेरा घेऊन दुकानात आला. शटर अर्धं ओढलं, खोक्यांच्या मधे ड्रम मांडले, शुभांगीने कीबोर्ड जोडला. मनगट सुजलेलं पाहून मी म्हटलं, "भाऊ, राहू द्या. उद्या ऑपरेशन आहे."

"म्हणूनच तर, ताई."

केरूने कॅमेरा त्यांच्या हातांवर रोखला. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत ते लांबलचक गाणं. शेवटी ताल बदलताना डाव्या हातातली काठी निसटली. शुभांगी थांबणार, तोच ते ओरडले, "वाजव!" डावा हात मांडीवर पडून राहिला. गाणं संपेपर्यंत उजवा एकटाच दोन्हीकडे धावत होता. केरूने कॅमेरा हलवला नाही.