चिंचेने घासलेल्या रिंगा

वडिलांची जुनी गाडी माझ्या वाट्याला आली, तेव्हा मी ती एकतर विकीन किंवा कापड टाकून अंगणात उभी करीन, असं घरच्यांनी गृहीत धरलं होतं. मी तिचं इंजिन काढलं आणि अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन तिच्यात बसवलं. मी अमरावतीला वकिली करते. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं ऐकून घरी आल्यावर अशा वस्तूजवळ बसावंसं वाटतं, जिची तक्रार खरी असते आणि शोधली तर सापडते. नवरा कॉलेजात शिकवतो. अंगणातल्या पत्र्याच्या शेडला तो 'तुझं दुसरं कोर्ट' म्हणतो.

इंजिन नवं, जोरदार; मागचा गिअरबॉक्स मात्र वडिलांच्या काळातला, चार गिअरचा, सावकाश चालण्यासाठी केलेला. तो किती दिवस टिकणार हे मला कळत होतं आणि तरीही मी बडनेरा रस्त्यावर पाय दाबतच होते. एका सकाळी दुसऱ्या गिअरचे दात तुटले. गाडी टोचन लावून घरी आणावी लागली. रस्त्यात दोन ओळखीचे वकील भेटले आणि दोघांनीही थांबून विचारपूस केली, म्हणजे दुपारपर्यंत बाररूममध्ये सगळ्यांना कळलं.

पाच गिअरचा दुसरा गिअरबॉक्स अकोल्याच्या भंगारात मिळाला, मोडीत निघालेल्या एका जीपचा. तो खोलून, नीट करून या गाडीत बसवायला एकच माणूस आहे, असं मला तिघांनी सांगितलं. हे मिस्त्री मूळचे बार्शीटाकळीकडचे. घरची शेती भावांकडे सोडून तरुणपणीच अकोल्याला आले आणि जन्मभर गिअरबॉक्सचंच काम केलं. आता सत्तरीला आले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. बाजारात कुजबूज होती की आता त्यांना नीट दिसत नाही. ती त्यांच्याही कानावर होती.

अमरावतीला येण्याआधीच त्यांनी मला फोनवर सांगून टाकलं, "माह्या हातचा गेअर आजवर परत आला नाई, बाई. ज्या दिवशी येईन, त्या दिवशी मी पाना खाली ठेवीन. हे लोकायले बी सांगून ठेवलं हाये."

मी हसले. असं बोलणारे अशील मी पुष्कळ पाहिले होते. या माणसाने मात्र ते अगदी सरळ अर्थाने म्हटलं होतं, हे मला नंतर समजलं.

नवरात्रात ते आले आणि आमच्याकडेच राहिले. सकाळी चहा घेऊन शेडमध्ये जायचे ते जेवायलाच बाहेर यायचे. गिअरबॉक्स उघडून त्यांनी आतली दातेरी चाकं, बेअरिंगं, रिंगा एकेक करून काढल्या. कुठेही लिहिलं नाही, खूण केली नाही, फोटो काढला नाही. गावाहून येताना ते तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, एक पेंढी घेऊन आले होते. शाफ्टवरून जो भाग ज्या क्रमाने निघाला, त्याच क्रमाने तो तुराटीत ओवायचा, अशी त्यांची रीत. दोन शाफ्ट, दोन तुराट्या. मी मोबाइल पुढे केला तेव्हा म्हणाले, "फोटोत मांगचं-पुढचं उलटं दिसते. काडी उलटी होत नाई."

त्या तुराट्यांवर पाच पितळी रिंगा होत्या, प्रत्येक गिअरला एक. गिअर बदलताना चाकाचा आणि शाफ्टचा वेग जुळवून द्यायचं काम या रिंगेचं. ती चाकाच्या उतरत्या कडेवर दाबली जाते, कडा पकडते आणि मग गिअरचा दांडा आवाज न करता आत जातो. वर्षानुवर्षं एकाच चाकाशी घासून ती त्या चाकापुरती होऊन बसते. नव्या रिंगा मिळत होत्या, पण मिस्त्रींना त्या पसंत नव्हत्या. जुन्या चांगल्या होत्या, त्याच लावू म्हणाले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते घरी निघाले. नवमीला हत्याराला हात लावायचा नाही आणि दसऱ्याला त्यांच्या दुकानात पूजा असायची. दसरा झाला की येतो, म्हणाले.

आता माझ्याकडे शेडभर हत्यारं होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पूजा मांडायची होती. वडील असताना कायद्याची पुस्तकं आणि गाडीची किल्ली पाटावर ठेवली जायची. मी या वर्षी पाने, पक्कड, जॅक आणि हे सगळे सुटे भाग मांडायचं ठरवलं. काळ्या तेलाने माखलेली वस्तू पूजेला कशी ठेवायची? मी तुराट्यांवरून सगळं काढलं. लोखंडी भाग डिझेलने धुतले. रिंगा पितळी होत्या. पितळ म्हटल्यावर आपल्या घरात हात जातो तो चिंचेकडे. समया, ताम्हण, घंटा आणि त्यांच्याबरोबर पाचही रिंगा मी चिंचेने लख्ख घासल्या. आतल्या बाजूला प्रत्येक रिंगेवर वेगवेगळे करडे पट्टे होते, तेही गेले. मला बरंच वाटलं.

परत ओवताना चाकांचा क्रम मला आठवत होता. रिंगांचा आठवतोय असं वाटलं. तिसरी आणि चौथी हातात घेतल्यावर क्षणभर थांबले होते, हे मी आज कबूल करते. दोन्ही सारख्या दिसत होत्या. दारात बेल वाजली, मी एक अलीकडे घातली, एक पलीकडे घातली आणि हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी पूजा छान झाली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, तुराट्यांवर चमकणाऱ्या रिंगा. नवऱ्याने फोटो काढून नातेवाइकांना पाठवला.

दसऱ्यानंतर मिस्त्री आले. पाटाकडे पाहून त्यांनी हात जोडले. मग विचारलं, "धुतलेलं दिसते सारं. क्रम तं नाई हालला?"

"नाही. जसं होतं तसं आहे," मी म्हणाले.

मी हे ठामपणे म्हणाले. साक्षीदार चाचरला की त्याचं खरंही खोटं वाटतं, हे मी रोज पाहते, त्यामुळे न चाचरता बोलायची मला सवय आहे. तेव्हा मी खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. खात्री मात्र नव्हती आणि तेवढं सांगायला पाच शब्दही लागले नसते.

त्यांनी बांधायला घेतलं. प्रत्येक रिंग चाकाच्या कडेवर ठेवून अंगठ्याने दाबायची आणि फिरवून बघायची. पकडली तर पुढे. तिसरीला ते थांबले. परत दाबली, परत फिरवली. वर माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावर बसून एका दाव्याचे कागद चाळत होते. मग त्यांनी अंगठा लुंगीला पुसला आणि रिंग बसवली.

दोन दिवसांत गिअरबॉक्स गाडीखाली चढला. जुन्या माउंटिंगला तो जुळत नव्हता, म्हणून त्यांनी लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली. मागचा लांब शाफ्ट थोडा कापून आणला. ते सगळं इतकं नेमकं झालं की मला वाटलं, बाजारातले लोक उगाच जळतात.

वलगाव रस्त्याला आम्ही गाडी काढली. मी चालवत होते, ते शेजारी. पहिला, दुसरा उत्तम. तिसऱ्याला दांडा टाकला आणि खालून कर्र असा आवाज आला. परत टाकला, परत तेच. चौथ्यालाही थोडं.  मिस्त्रींनी कपाशीच्या एका शेताच्या धुऱ्याजवळ गाडी थांबवायला सांगितली, ते खाली उतरले आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

मला तेव्हाच समजलं होतं. दारातली बेल, दोन सारख्या रिंगा, सगळं एकदम आठवलं. मी काचेतून त्यांची पाठ पाहत होते आणि बोलत नव्हते.

घरी येऊन त्यांनी गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, उघडला, तिसरी आणि चौथी रिंग अदलाबदल केली आणि परत चढवला. चहासुद्धा नाही म्हणाले. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. निघताना पिशवी खांद्याला लावून ते म्हणाले, "तिसऱ्याची चवथ्याले लावली मी. हात गेला आता. झालं."

"असं होतं कधी कधी," मी म्हणाले. त्याहून हलकट वाक्य मी आयुष्यात उच्चारलेलं नाही. तेही मायेने म्हणाले.

पुढे चार महिने मी ती गाडी मनसोक्त चालवली. मिस्त्रींची आठवण आली की मी स्वतःला सांगायची, एवढ्याशा गोष्टीने कोणी काम सोडत नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी तेलाची थोडी गळती दिसली आणि मी फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. "त्यायनं दुकान बंद केलं, ताई," ती म्हणाली. "कोनाले काही सांगत नाईत. नुसते बसून राह्यतात."

त्या रविवारी मी अकोल्याला गेले. ते ओसरीत खाटेवर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून म्हणाले, "गेअर चांगला चालून राहिला." मी खाटेसमोर खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. चिंच, बेल, अलीकडची रिंग पलीकडे आणि तरी 'जसं होतं तसं आहे' असं मी म्हणाले ते. वलगाव रस्त्यावर मला कळलं होतं आणि तरी मी गप्प बसले, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर वाटलं, आता ते चिडतील, आणि ते चिडावेत असं मला फार वाटत होतं.

ते चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हंजे काडीवरच तिसऱ्याच्या जागी चवथ्याची होती?"

"हो."

"मी दाबली तवा ढिली लागली होती मले," ते हळूच म्हणाले. "दोनदा पाह्यलं मी. पण तुमी शिकलेल्या बाई, तुमी म्हटलं होतं क्रम नाई हालला. मले वाटलं माहं बोटच खोटं सांगून राहिलं."

 लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"पाने कुठे आहेत तुमचे?" मी शेवटी विचारलं.

"वाटून टाकले. बाजारातल्या पोरायले. गेल्या महिन्यात." त्यांनी उजवा अंगठा डोळ्यांजवळ नेला, बऱ्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्यापुढे धरला.

"बोट तं खरं होतं मंग," ते म्हणाले. "आता काय करू मी याचं?"