दुर्बिणीला लावलेलं हळदीकुंकू

आकाश बघायची हौस असलेली हिंगोलीची काही माणसं मागच्या साली आमच्या गावच्या शाळेत दुर्बीण घेऊन आली होती. सगळ्या बाया रांगेत उभ्या राहिल्या, मीही राहिले. पाळी आली तेव्हा डोळा लावला, तर आत नुसता अंधार. कुणीतरी विचारलं, दिसलं का? मी हो अशी मान हलवून बाजूला झाले. मागच्या बाईला ताटकळत ठेवायचं म्हटलं की मला घाम फुटतो. घरी येताना सगळ्या जणी शनीच्या कड्याबद्दल बोलत होत्या. मी त्यांच्यापेक्षा जास्तच बोलले.

पण ते मनाला लागलं. कडं खरंच बघायचं होतं, तेही मागं कुणी उभं नसताना. भाऊबीजेला भावानं काय पाहिजे विचारलं, तर मी दुर्बीण म्हणाले. त्याला थट्टा वाटली. तरी त्यानं आणली. आमच्या ह्यांनी खोकं बघून विचारलं, फवारणीचा पंप आहे का.

आमच्या घरी ट्रॅक्टर येवो नाहीतर मिक्सर, हळदीकुंकू लावल्याशिवाय सुरू होत नाही. मी पुढच्या मोठ्या काचेला बोट लावलं. डोळा लावायच्या बारक्या काचेलाही लावलं, एक तोंड पुजायचं आणि दुसरं सोडायचं बरं दिसत नाही म्हणून. नंतर ते पदरानं पुसलं. निघेना, तर खोबरेल लावून घासलं. काच अशी चकाकली की माझं मलाच कौतुक वाटलं.

मग रोज संध्याकाळी अंगणात बसायचे. चंद्र दिसायचा, पण पातळ वरणासारखा. शनी तर सापडतच नव्हता. मला वाटलं, चौथीपर्यंतच्या शिक्षणाला एवढंच आभाळ दिसत असेल.

संक्रांतीच्या आधी त्याच लोकांनी औंढ्याला कार्यक्रम ठेवला. ज्यांच्याकडे दुर्बीण असेल त्यांनी आणावी, शिकवू, असा निरोप होता. मी गोधडीत गुंडाळून जीपमध्ये मांडीवर घेतली. शेजारची म्हातारी म्हणाली, लेकराचं तोंड झाकू नको, जीव गुदमरंल. दुर्बीण आहे हे सांगायला तोंड उघडेना. औंढा येईपर्यंत मी गोधडीला थोपटत बसले.

तिथं त्यांच्यातली एक ताई माझ्याजवळ आली. तिनं काचा उजेडात धरल्या, नाकाशी नेल्या.

"काकू, याला फोडणी दिली का?"

बाजूचे हसले. मी खाली बघत पूजेचं सांगितलं. ती हसली नाही. तिनं औषधाचा फवारा मारून मऊ फडक्यानं काचा हळूहळू साफ केल्या. वरची छोटी दुर्बीण आधी लांबच्या टॉवरच्या दिव्यावर मोठीशी जुळवून घ्यायची, म्हणजे छोटीत सापडेल ते मोठीत दिसतं, हे शिकवलं. मी इतके दिवस त्या छोटीला हँडल समजून धरत होते.

अंधार पडल्यावर तिनं शनी लावून दिला. मी डोळा लावला.

"दिसलं ना?"

मान हलायला लागली होती. पण आज हो म्हटलं तर ती दुर्बीण गुंडाळून देणार, आणि कडं जन्मभर ऐकूनच माहीत राहणार.

"न्हाई दिसलं," मी म्हणाले. "मागल्या सालीबी न्हाई दिसलं."

हे जरा मोठ्यानं निघालं. सगळे बघायला लागले. ताईनं माझा हात धरून बाजूच्या चाकावर ठेवला. "तुम्हीच फिरवा. सावकाश."

फिरवलं. धुरकट ठिपका आवळत गेला आणि मसुराएवढा शनी उभा राहिला, कड्यासकट. इतका बारीक, की गावात मी केलेलं वर्णन आठवून कान तापले. मी तर बैलगाडीच्या चाकाएवढं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात एकटीनं शनी लावायला बसले. सारखा निसटत होता. हे दारात येऊन उभे राहिले.

"घावला का तुझा शनी?"

"न्हाई. शोधून राहिले अजून."

"मंग भाकरी?"

"टोपल्यात हाय. घ्या वाढून."

लग्नापासून मी ह्यांना असं कधी बोलले नव्हते. दचकून माझा हात हलला आणि जवळ आलेला शनी पुन्हा गेला.